स्वरांच्या आधारे

कोल्हापूरच्या पूर्वेस, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड नावाचे गाव आहे. इंग्रजी अमदानीत ही पटवर्धन घराण्यातील एका लहानशा संस्थानाची राजधानी होती. जवळच नरसोबाची वाडी हे दत्ताचे क्षेत्र असल्यामुळे या परिसरात भजन, कीर्तन, पालखी, उत्सव यांची वर्षभर वर्दळ असे. अशा या गावी दिगंबरपंत पलुस्कर नावाचे एक कीर्तनकार राहत. त्यांचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु घराणे पलूस या गावचे, म्हणून लोक त्यांस पलुस्कर म्हणू लागले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. या दिगंबरपंतांच्या घरी १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव विष्णू. हाच मुलगा पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर या नावाने साऱ्या हिंदुस्थानास परिचित झाला.

कीर्तनकाराच्या घरातील मुलास गाणे निराळे शिकवावे लागत नाही. अभंग, आर्या, साक्या, दिंड्या त्याच्या कानावर पाळण्यापासूनच पडत असतात. टाळ-मृदंगाचा ठेका त्याच्या पावलांतच भिनलेला असतो. विष्णूचा आवाज गोड होता, हे घरच्यांस ठाऊक होते. तरी पण त्या काळी कोणताही बाप आपल्या मुलाने गवई व्हावे अशी इच्छा बाळगीत नसे. मुलाने इंग्रजी शाळेत जावे, चार इयत्ता शिकून संस्थानात कारकुनी मिळवावी, एवढीच अपेक्षा असे. विष्णूही इतर मुलांप्रमाणे शाळेत जात होता.

परंतु एका उत्सवात घात झाला. शोभेची दारू उडत असता तिचा भडका मुलाच्या तोंडाजवळ झाला आणि दोन्ही डोळ्यांस जबर इजा पोहोचली. गावात मिळण्यासारखे जे उपचार होते ते झाले. पुढे त्याला मिरजेस नेण्यात आले. डोळ्यांच्या उपचारांची आजच्यासारखी साधने तेव्हा नव्हती. जीव वाचला, पण दृष्टी कायमची अधू झाली. पाटीवरील अक्षर दिसेनासे झाले आणि शाळा सुटली.

ज्याचे वय धावण्याचे, हुंदडण्याचे, झाडावर चढण्याचे, अशा मुलास घराच्या एका कोपऱ्यात बसवून ठेवले म्हणजे त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. शरीराची जखम दोन-चार महिन्यांत भरून येते. आपण आता कोणाच्याच उपयोगाचे राहिलो नाही, ही मनाची जखम मात्र चिघळत जाते. सोबती शाळेतून परततात, त्यांच्या पाठांतराचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो आणि आपण मात्र हात जोडून बसलेलो असतो! विष्णूच्या आयुष्यातील हा काळ फार बिकट होता.

मिरजेस ज्या डॉक्टरांनी त्याला तपासले, त्यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. डोळे पूर्ववत होणार नाहीत ही एक. आणि मुलाचा गळा उत्तम आहे ही दुसरी. त्यांनी मुलास गायन शिकवावे असा सल्ला दिला. वैद्याने औषधाच्या जागी विद्या सांगावी, ही गोष्ट आजही विरळाच. या सल्ल्याने मुलाची दृष्टी परत आली नाही; परंतु त्याचे आयुष्य परत आले.

मिरज संस्थानचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन हे कलेचे चाहते होते. त्यांनी विष्णूच्या राहण्या-जेवण्याची सोय केली आणि त्यास पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हवाली केले. बाळकृष्णबुवांनी तरुणपणी मोठ्या हालअपेष्टा सोसून वासुदेवबुवा जोशी यांजपासून ग्वाल्हेरची गायकी मिळविली होती. ख्याल गायनाची ही परंपरा महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः त्यांनाच आहे. बुवांना दम्याचा विकार होता. मुंबईची दमट हवा त्यांना मानवेना, म्हणून ते घाटावर आले आणि मिरजेची कोरडी हवा त्यांना सोसली. ज्याचा स्वतःचा श्वास पदोपदी अडतो, त्याला श्वासाचे मोल अधिक कळते. अशा गुरूजवळ विष्णूने सुमारे नऊ वर्षे विद्याभ्यास केला.

त्या काळची गुरुगृहीची शिकवणी म्हणजे आजच्या तासिकेसारखी घड्याळावर चालणारी नव्हती. गुरूची सेवा करावी, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा जे मिळेल ते कानांत साठवावे, अशी ती रीत. लिहून घेण्याची पद्धत नव्हती. आणि विष्णूला तर लिहिलेले दिसतही नव्हते. इतर शिष्यांना जी अडचण वाटे, ती त्याला अडचण वाटलीच नाही. त्याचे कान हीच त्याची वही. पहाटे तंबोरा लावून मंद्र सप्तकातील षड्ज धरावयाचा, तो न हलता, न थरथरता, श्वास पुरेल तोवर टिकवावयाचा. मग ऋषभ, मग गंधार. त्यानंतर पलटे, अलंकार, ताना. हाच क्रम रोज. पहिले काही महिने तर एका स्वरावरच जात.

हे सारे ऐकून एखाद्यास वाटेल की, यात व्यायाम तो कोणता? बसल्या जागी तर गावयाचे! परंतु हा समज बरोबर नाही. आपण सहज श्वास घेतो तेव्हा फुप्फुसांच्या क्षमतेचा थोडासाच भाग वापरला जातो. गाणाऱ्याला मात्र एका दमात हवा खोलवर भरून घ्यावी लागते आणि ती हळूहळू, मोजून, स्वराबरोबर सोडावी लागते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा जो घुमटाकार स्नायू आहे, तो, बरगड्यांमधील स्नायू आणि पोटाचे स्नायू या सर्वांना त्यासाठी एकमेकांच्या ओढीने काम करावे लागते. पाठ ताठ ठेवावी लागते, मान सैल ठेवावी लागते. खांदे उचलले की स्वर लगेच दुखावतो. गळ्यातील स्वरतंतू सेकंदास शंभराहून अधिक वेळा कंप पावत असतात, आणि हे कंपन एकसारखे राहावे म्हणून श्वासाचा दाबही एकसारखाच असावा लागतो. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. संथ लयीत गाणारा त्याहून कितीतरी कमी वेळा घेतो. श्वास सोडण्याचा अवधी लांबला म्हणजे हृदयाची गतीही थोडी मंदावते. कारण मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी जी मज्जा हृदयाला आवर घालते, ती श्वास सोडताना अधिक कार्य करते. गाऊन उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी शांती दिसते, तिचे एक कारण हे असे अगदी शारीरिक आहे.

विष्णूला हे शरीरशास्त्र कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याची गरजही नव्हती. पहाटेचा रियाज झाला की दिवस सोसवतो, एवढे त्याला स्वानुभवाने कळत होते. कोपऱ्यात बसून राहिलेला मुलगा मिरजेच्या त्या नऊ वर्षांत ताठ मानेचा, भारदस्त आवाजाचा तरुण झाला.

मान ताठ झाली याचे प्रत्यंतर लवकरच आले. मिरजेस एका समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले. परंतु त्याच्या गुरूंना आले नव्हते. चौकशी केली तेव्हा, ते तर नुसते गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले असे सांगतात. ज्यांच्यापुढे आपण वाकतो, त्यांना समाजात बसायला पाटही नाही, ही गोष्ट या तरुणाच्या जिव्हारी लागली. त्यात आश्चर्य असे काही नव्हते. गवई म्हणजे व्यसनी, लहरी, दारोदार फिरणारा, अशीच तेव्हाची समजूत होती. आणि खरे बोलायचे तर काही गवयांचे वर्तन या समजुतीला खतपाणी घालीत असे. कुलीन घरात मुलाने गाणे गुणगुणले तरी वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडे. मुलींची तर गोष्टच सोडा. एवढी आरोग्यदायी, आनंददायी विद्या, आणि ती दिवाणखान्यांतल्या चार रसिकांपुरती कोंडलेली! तिला दारे-खिडक्या पाडून देण्याचा निश्चय करूनच विष्णुबुवांनी १८९६ मध्ये मिरज सोडली.

दृष्टी अधू, खिशात पैसा नाही, परमुलखाची भाषा येत नाही, सोबतीला दोन गुरुबंधू. अशा स्थितीत हा प्रवास सुरू झाला. बडोद्यास त्यांच्या गाण्याचा सन्मान झाला. तेथून ते सौराष्ट्रात गेले आणि राजकोटास त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु राजाच्या कृपेवाचूनही गाणे ऐकता येते, चार आणे देणारा शिंपी किंवा कारकूनही श्रोता होऊ शकतो, ही कल्पना त्या वेळी अगदी नवी होती. पुढे ते ग्वाल्हेरला गेले, मथुरेला राहिले. मथुरेस त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. कारण ख्यालाच्या चिजा ज्या भाषेत आहेत, ती समजल्यावाचून गाणे म्हणजे नुसते अक्षरांशी खेळणे, असे त्यांचे मत झाले होते. या मुक्कामात त्यांच्या मनात आणखी एक विचार पक्का झाला. पुष्कळ जुन्या चिजांतील शब्द घरात, मुलाबाळांसमोर म्हणण्यासारखे नव्हते. त्यांनी रागाची चौकट तशीच ठेवून तीत तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांची पदे बसविली. काही जाणकारांनी या खटाटोपास नाके मुरडली. परंतु गाणे घराघरांत न्यावयाचे तर त्याला उंबरा ओलांडता येईल असा पोशाख चढविणे भागच होते.

दिल्ली, जालंदर, अमृतसर असा प्रवास करीत विष्णुबुवा लाहोरास पोहोचले. तेथे ५ मे १९०१ या दिवशी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोण्या राजाच्या पदरी नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ही संगीताची शाळा होती. फळा, वर्ग, वेळापत्रक, परीक्षा, प्रमाणपत्र हे सारे तेथे होते.

शाळा निघाली खरी. पण विद्यार्थी येईनात. सांगतात की, आरंभीच्या काही दिवसांत एकही मुलगा फिरकला नाही. तरीही पंडितजी ठरलेल्या वेळी वर्गात जात, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत गात बसत. वेळ संपली म्हणजे तंबोरा गवसणीत घालून बाहेर येत. मुख्याध्यापक म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसास या प्रसंगाचे मर्म विशेष कळते. पटावर मुले नसली म्हणजे मोठमोठ्यांचा धीर खचतो. परंतु ज्याला गाण्यासाठी श्रोत्याची गरज नाही, ज्याचे गाणे आधी स्वतःच्या चित्ताच्या स्वास्थ्यासाठी आहे, त्याला रिकामी खोली रिकामी वाटत नसावी. हळूहळू आवाज रस्त्यावर पोहोचला. एक आला, दोन आले, आणि मग वर्ग भरू लागले.

पुस्तके नव्हती, ती पंडितजींनी तयार केली. संगीत बालप्रकाश, संगीत बालबोध, रागप्रवेश अशी कितीतरी लहान लहान पुस्तके त्यांनी प्रसिद्ध केली. स्वर कागदावर उतरविण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती रचली. ती जरा किचकट होती. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत तिच्याहून सुटसुटीत असल्यामुळे पुढे तिचाच प्रसार अधिक झाला. ज्याला स्वतःला छापील अक्षर नीट दिसत नव्हते, त्याने इतरांना स्वर वाचता यावेत म्हणून एवढा खटाटोप करावा, हे मात्र विसरता येत नाही.

१९०८ मध्ये मुंबईस महाविद्यालयाची शाखा निघाली आणि हेच पुढे त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र झाले. तेथे दिवसा नोकरी करणारे लोक संध्याकाळी शिकावयास येत, लहान मुले येत, आणि घरंदाज स्त्रियाही येत. स्त्रियांनी गाणे शिकावे ही गोष्ट आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यासाठी कोणास टीका सोसावी लागली असेल, हे खरेही वाटत नाही. चार भिंतींच्या आत, चुलीच्या धुरात दिवस काढणाऱ्या त्या काळच्या गृहिणीला रोज एक तास मोकळेपणाने आवाज लावता येणे, दहाजणींबरोबर एका सुरात गाता येणे, ही केवढी सुटका असेल!

पुष्कळांनी मिळून गाण्याचा जो परिणाम होतो, त्याचा विचार अलीकडे शास्त्रज्ञांनीही केला आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात समूहाने गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याच्या चरणांबरोबर सर्वांचे श्वास एकाच वेळी घेतले व सोडले जात असल्यामुळे त्यांच्या हृदयांची गतीही एकाच वेळी वाढते व उतरते, असे त्यांना आढळले. वारीच्या वाटेवर टाळकऱ्यांच्या दिंडीतून जो एकदा चालला असेल, त्याला या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

महाविद्यालयात एक उपदेशक वर्ग होता. त्यातील विद्यार्थी गुरुजवळ राहून नऊ वर्षे शिकत आणि पुढे गावोगाव जाऊन शिकवीत. या वर्गातून पंडितजींनी जी माणसे घडविली, त्यांची नुसती नावे घेतली तरी पुरे: विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे. यांपैकी बहुतेक मुले गरिबांघरची होती. त्यांच्या राहण्याची, जेवणाची, कपड्यांची काळजी पंडितजी वाहत आणि शिस्तही तितकीच कडक ठेवीत. गवयाला व्यसन नसावे, त्याचा पोशाख स्वच्छ असावा, त्याने वेळ पाळावी, मैफलीत श्रोत्यांनीही नीट बसावे, असा त्यांचा कटाक्ष असे. गवई असाही असू शकतो, हे लोकांना प्रथम या मुलांकडे पाहून कळले.

यांतील नारायण मोरेश्वर खरे यांची हकीगत थोडी सांगितली पाहिजे. महात्मा गांधींना आपल्या साबरमतीच्या आश्रमासाठी संगीत शिक्षक हवा होता. त्यांनी पंडितजींकडे मागणी केली आणि पंडितजींनी आपला हा गुणी शिष्य देऊन टाकला. खरे यांनी आश्रमातील सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला वळण लावले आणि आश्रमाच्या भजनावलीचे संकलन केले. रामधुनीची जी चाल पुढे देशभर घरोघरी पोहोचली, ती पंडितजींचीच म्हणून ओळखली जाते. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीकडे निघाले, तेव्हा त्यांच्या तुकडीत खरेही होते. चोवीस दिवसांच्या त्या पायपिटीत रोजची प्रार्थना आणि भजन कधी चुकले नाही. थकलेल्या पायांना सुराचा टेकू किती मिळतो, हे शेतात मोट हाकणाऱ्या आणि जात्यावर बसणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतेच. शाळेतील मुलांना हाताला जशी तालीम देतात तशीच गळ्यालाही द्यावी, कवायत, हस्तोद्योग, चित्रकला आणि संगीत यांची जोड असावी, असे मत गांधीजींनी १९३७ मध्ये मांडले. त्यामागे आश्रमातील या गाण्याचा अनुभव असावा असे वाटते.

पंडितजी स्वतः काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा येथील अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धर्माच्या दृष्टीने संगीतास हरकत घेतली. अध्यक्षांचा मान थोर होता. परंतु हे कोणा एका धर्माचे प्रार्थनास्थळ नसून सर्व राष्ट्राचे व्यासपीठ आहे, अशी आपली भूमिका स्पष्ट करून पंडितजींनी गीत शेवटपर्यंत गाइले. गुरूंना आमंत्रण नाही म्हणून मिरजेत व्यथित झालेला तरुण येथवर आला होता.

मात्र त्यांचे आयुष्य सुखात गेले असे कोणी समजू नये. मुंबईत महाविद्यालयासाठी त्यांनी मोठी इमारत उभारली. त्यासाठी कर्ज काढले. ते फेडण्यासाठी ते गावोगाव मैफली करीत फिरले. परंतु हिशेबाचे आणि त्यांचे कधी जमले नाही. शेवटी १९२४ मध्ये इमारत सावकारांच्या हाती गेली. इकडे संसारातही दैव अनुकूल नव्हते. अनेक अपत्ये झाली, आणि एकामागून एक लहानपणीच गेली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा वाचला. दृष्टीही अधिकाधिक मंदावत चालली होती.

माणूस मोडून पडावा असेच हे प्रसंग. याच काळात पंडितजींचे मन रामभक्तीकडे वळले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि नाशिक येथे रामनाम-आधार आश्रम स्थापन केला. तेथे ते तुलसीदासांच्या रामायणावर प्रवचने करीत. दोहे-चौपाया रागात गात आणि श्रोत्यांनाही आपल्याबरोबर गावयास लावीत. ज्या मैफलीच्या गायनाने त्यांची कीर्ती झाली होती, ते गायन मागे पडले. संगीताच्या दृष्टीने पाहता ही हानीच झाली, असे त्यांच्या काही चाहत्यांस वाटे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर, बाळपणी ज्या गाण्याने त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यातून उठविले होते, त्याच गाण्याचा हात त्यांनी उतारवयात पुन्हा धरला. कीर्तनकाराचा मुलगा शेवटी कीर्तनाकडेच परतला, इतकेच.

गाण्याने रोग बरे होतात, अमुक राग आळविल्याने ताप उतरतो, दिवे लागतात, पाऊस पडतो, अशा आख्यायिका आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या मनोरंजक आहेत. त्यांना शास्त्राचा आधार नाही. पंडितजींच्या चरित्राला तशा चमत्काराची गरजही नाही. गाण्याने त्यांचे डोळे बरे केले नाहीत, मुले वाचविली नाहीत, कर्ज फेडले नाही. आणि त्यांना दीर्घायुष्यही दिले नाही. मात्र हे सारे सोसूनही दुसऱ्या दिवशी पहाटे तंबोरा जुळविण्याचे बळ त्यांच्या अंगी राहिले. दहा-बारा वर्षांच्या आंधळ्यासारख्या मुलाने नंतर देशभर प्रवास केला, शाळा उभारल्या, शंभरावर शिष्यांच्या तोंडी स्वर घातले. हे बळ कोठून आले याचा विचार करू लागले की पुन्हा मिरजेतील त्या मंद्र षड्जापाशीच येऊन थांबावे लागते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच पंडितजींचे देहावसान झाले. तीन दिवसांपूर्वीच त्यांना एकोणसाठ वर्षे पूर्ण झाली होती. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या संगीत परीक्षांना देशभरातून विद्यार्थी बसू लागले, आणि आजही बसतात. तुमच्या वर्गातही एखादी मुलगी प्रारंभिक किंवा प्रवेशिका परीक्षेची तयारी करीत असेल. १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये पंडितजींच्या चित्राचे तिकीट प्रसिद्ध केले.

वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. पंडितजींपाशी पुत्राला देण्यासाठी इस्टेट नव्हती. शिष्य मात्र होते. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी गुरूच्या मुलाला आपल्या हाताने विद्या दिली. जालंदरला हरिवल्लभांच्या नावाने दरवर्षी थंडीत संगीताचा मोठा मेळा भरतो. लाहोरला जाण्यापूर्वी तरुण विष्णुबुवा ज्या जालंदरवरून गेले होते, त्याच गावी १९३५ च्या मेळ्यात चौदा वर्षांचा दत्तात्रेय प्रथम जाहीरपणे गावयास बसला.